हॅरल्डनं न विझवलेली आग

बंबघराच्या भिंतीवर लावायची पितळी पाटी एटानं वाचली आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली. '१९५६ साली लाकडाच्या वखारीची आग विझवणारे शूर गावकरी', आणि खाली चौदा पुरुषांची नावं. पहिलंच नाव हॅरल्ड व्हॅन ड्रूटन. म्हणजे तिचा नवरा, आता देवाघरी गेलेला.

हॅरल्ड गुणी माणूस होता. पण टोस्ट करपून घर धुरानं भरलं तरी पेपरातून डोकं वर न काढता विचारायचा, "एटा, काही जळतंय का गं?" तो कसली आग विझवतोय! आणि आग लागली मंगळवारी, दिवसाढवळ्या अकरा वाजता. त्या वेळी पेल्टनव्हिलमध्ये पुरुष होतेच कुठे?

हे गावच मुळी आगगाडीनं वसवलेलं. आधी नुसती कांद्याची शेतं. दुसरं महायुद्ध संपलं, एका बिल्डरनं एकसारखी दोनशे घरं उठवली आणि शहरात नोकरी करणाऱ्यांची बिऱ्हाडं आली. सकाळी सात वाजून बारा मिनिटांच्या गाडीनं झाडून सगळे नवरे शहरात जायचे, ते संध्याकाळी उगवायचे. दिवसभर गावात बायका, पोरं आणि कुत्री. बंब होता, पण तो चालवणारे गडी गाडीत बसून गेलेले. शेवटी चौदा बायका बंब चालवायला शिकल्या. भोंगा झाला की गॅस बंद करायचा, तान्हं शेजारणीच्या कडेवर द्यायचं आणि पळत सुटायचं. एटा बंब हाकायची, बर्निस ॲबट नळीचं तोंड धरायची. वखारीच्या धुरानं बर्निसची छाती गेली ती गेलीच. मरेपर्यंत खोकत होती बिचारी.

मग पाटीवर नवरे कसे? तर तेव्हा बाईला नवऱ्याच्याच नावानं लिहायची रीत. मिसेस हॅरल्ड व्हॅन ड्रूटन, मिसेस क्लॅरेन्स ॲबट. आता पाटीसाठी बंबघराच्या जुन्या वहीतून नावं उतरवणाऱ्या समितीतल्या शहाण्यांना वाटलं, बायका कुठे आगी विझवतात, लिहिणारा चुकला असेल. त्यांनी 'मिसेस' तेवढं गाळून टाकलं.

गावसभेत एटा उभी राहिली. पाटीच्या समितीचा अध्यक्ष होता ब्रेंट, चाळिशीचा, गोड बोलून गुंडाळणारा.

"आजी, तुमच्या भावना समजतात. पण पाटी ओतून झाली, शनिवारी समारंभ आहे. बायकांनी तेव्हा कॉफी-सँडविच पुरवले, त्याचा भाषणात उल्लेख करू की!"

"सँडविच?" एटा कडाडली. "अरे बाळा, जळत्या वखारीवर आम्ही काय सँडविच फेकून मारले?"

एकच हशा पिकला. तेवढ्यात मागच्या रांगेतून काठी टेकत क्लॅरेन्स उठला, बर्निसचा नवरा.

"पाटीवर तिसरं नाव माझं आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी मी शहरात विमे विकत होतो. संध्याकाळी घरी आलो तर बायको काळीठिक्कर, भुवया जळालेल्या. आणि मी विचारलं काय, तर जेवायला काय केलंयस? चाळीस वर्षं खातंय ते मला. माझं नाव काढा. तिचं घाला."

पाटी बदलावी असं वाटणाऱ्यांना ब्रेंटनं हात वर करायला सांगितलं, तर सगळी सभाच हात वर करून बसली. शनिवारचा समारंभ पुढे ढकलला.

नोव्हेंबरात नवी पाटी लागली. एटानं बर्निसच्या नावावरून बोट फिरवलं. मग खालची बारीक ओळ वाचली: 'पुरुष नसताना मदतीला धावलेल्या महिला'.

"मदतीला?" ती क्लॅरेन्सकडे वळली. "सांग ना, मदत कुणाला केली आम्ही? तिथे होतं कोण दुसरं?"

आणि पुढच्या सभेत बोलणाऱ्यांच्या यादीत नाव घालायला ती तशीच तरातरा निघाली.