गोलचं जाळं

आमच्या गास गावच्या मैदानात फुटबॉलची मॅच असली की गोलला जाळं बांधायला किनाऱ्यावरच्या कळंबचा एक कोळी यायचा. जाळंही त्याचंच, मासेमारीतून बाद झालेलं. मग तो आमच्या गोलकीपरच्या मागे बसायचा; हाफटाइमला बाजू बदलली की हाही उठून पलीकडे. गोल झाला की चेंडू लुंगीला पुसूनच परत द्यायचा.

मुंबईच्या एका तगड्या टीमने आम्हाला घरच्या मैदानात धुतलं, तेव्हा शेवटच्या फटक्याने जाळंही फाटलं. मॅच संपल्यावर आम्ही सगळे गोलकीपरवर तुटून पडलो. कोळी फाटलेलं जाळं शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "मासा मोटा व्हता, जालं फाटलं. जाल्याला शिव्या घालून काय व्हनार?"

गोलकीपर त्याच्याशेजारी जाऊन बसला आणि त्याने जाळ्याचं दुसरं टोक ताणून धरलं.