घरासमोर मुक्काम आणि घरात जायला बंदी

आधीच सांगून टाकते, हा प्रवास करायचा निर्णय माझा नव्हता. गेल्या वर्षी माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा सासूबाईंनी हॉस्पिटलच्या बाकावर बसून एकवीरा आईला नवस बोलला. सून धडधाकट घरी आली, तर माहेरच्या पालखीबरोबर कार्ल्याला चालत येईन. सून आली घरी. आणि मग सासूबाईंच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. म्हणजे बघा हं, पोट माझं, कापलं डॉक्टरांनी, श्रेय देवीला आणि चालायला परत मीच!

"माजे पाय होऊन तू जा," आई म्हणाल्या. सासूबाईंना मी आईच म्हणते. "एकवीरा आई समजून घेल."

मी सरळ नाही म्हणणार होते. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. या बाईला मी मिरच्या कुटतानासुद्धा रडताना पाहिलेलं नाही. गेले मुकाट्याने.

पालखी निघते वसईकडून, त्यांच्या माहेरगावाहून. पूर्वी मिठागरं होती, आता टॉवर आहेत. पालखीचे पुढारी म्हणजे आईंचे थोरले भाऊ, आमचे मामा. निघताना त्यांनी नियम सांगितला. देवीचं दर्शन होईपर्यंत आपल्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला की नवस मोडला, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. मी हसले. वसईहून कार्ल्याला चालत जाताना माझं घर कशाला मधे येतंय? भूगोल माझा शाळेपासून कच्चा.

जाणाऱ्यांसाठी चार उपयोगाच्या गोष्टी. नवे बूट घालून मिरवायला जाऊ नका, पहिल्याच दिवशी फोड येतात. व्हॅसलीन आणि जाड मोजे घ्या. भिवंडीच्या रस्त्यावर ट्रेलरवाले पालखीलाही हॉर्न मारतात आणि देवीलाही, तिथे तोंडाला रुमाल बांधा. जेवण वर्गणीतच असतं. रोज डाळ-भात, आणि कंटाळा येऊ नये म्हणून मधूनमधून भात-डाळ.

उल्हासनगरला कॅम्प एकमधे मात्र नशीब उघडलं. एका सिंधी कुटुंबाने मांडव घालून दाल-पकवान आणि गार सरबत ठेवलं होतं. "खाओ बेटा, पैदल जा रहे हो, गाडी में थोडी हो!" म्हणत काकांनी माझ्या ताटात आणखी एक पकवान टाकलं. गाडी कोणी दिली असती तर मी नाही म्हटलं नसतं, पण तसं काकांना कसं सांगणार?

अंबरनाथला शिवमंदिर बघायचंच असं सगळे ब्लॉगवाले सांगतात. मी रस्त्यावरूनच हात जोडले. वाट वाकडी करायला पायांची परवानगी लागते, आणि पाय सध्या सासूबाईंचे होते.

मग आला तो विश्रांतीचा दिवस. मुक्काम बदलापूरला, खरवईत. मामांच्या गावच्या काही लेकी इथे दिल्यात, त्यांचा हा मान. मांडव ज्या मोकळ्या जागेत घातला होता, त्याच्या समोरच आमची बिल्डिंग. चौथ्या मजल्यावर, माझ्या बाल्कनीत, माझाच गाऊन वाळत होता. इतके दिवस पाय झिजवून मी पोचले कुठे, तर माझ्या घरासमोर!

विश्रांतीच्या दिवशी चालायचं नसतं, फक्त रांगेत उभं राहायचं असतं. चहाची रांग, फोड फोडायच्या सुईची रांग आणि आंघोळीची रांग. टँकर एक, ताडपत्रीचा आडोसा एक आणि आम्ही बायका वसईपासूनच्या घामात भिजलेल्या. वरून चैत्राचं ऊन. दुपारी मामा घोरायला लागले तशी मी सटकले. म्हटलं, डोक्यावर चार तांबे पाणी ओतते आणि येते. कोणाच्या बापाला कळतंय!

लिफ्ट नेहमीसारखी आजारी. जिना चढले, बेल दाबली. आतलं दार उघडलं, पण बाहेरच्या जाळीच्या दाराची कडी काही निघेना.

"इकरं कनाला आयलीस?" आई आतून म्हणाल्या.

"फक्त आंघोळ, आई. पाच मिनिटं."

"नाय."

"अहो, कोणाला कळणार नाही!"

"मना कललं ना."

माझं डोकं सटकलं. "घराचा हप्ता मी भरते, आई!"

"घर तुजं. नवस माजा."

त्या आत गेल्या आणि ताक घेऊन आल्या. ग्लास जाळीतून जाईना, तर त्यांनी कुठूनशी स्ट्रॉ शोधून आणली. मग मी बाहेर लादीवर, त्या आत स्टुलावर, ग्लास त्यांच्या हातात आणि स्ट्रॉ माझ्या तोंडात. समोरच्या वहिनींनी दार उघडून विचारलं, "भांडण झालं का हो?"

"नाय गो," आई म्हणाल्या. "यात्रा चाललीय आमची."

वहिनी आत गेल्या. आई हळूच म्हणाल्या, "पाय दाखव."

मी पाय जाळीला लावला. त्यांनी दोन बोटं बाहेर काढून टाचेच्या फोडाला हात लावला आणि रडायलाच लागल्या. "मी बोलले, मीच चालाय पायजे होतं. एकवीरा आईनीच मना नको म्हटलं असंल. माजं पाऊलच तिला नको असंल." इतके दिवस ही बाई घरात एकटी बसून हेच गिळत होती. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. तशीच, बिनआंघोळीची, खाली उतरले आणि ताडपत्रीच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

पुढे कर्जत, खोपोली, घाट, सगळं सांगत बसत नाही. घाटात पहाटेच निघा, एवढंच. कार्ल्याच्या पायऱ्या चढताना मी देवीशी कडक शब्दांत बोलले. म्हटलं, हे पाय कोणाचे आहेत ते नीट बघून घे.

परत टेम्पोने आले. काय उरलं म्हणाल, तर काळे पडलेले दोन अंगठे आणि डाळ-भाताबद्दल आयुष्यभराची अढी. जिना चढले तर जाळीचं दार सताड उघडं. उंबऱ्याच्या आत आई स्टुलावर, पुढ्यात परात, हातात पाण्याचा तांब्या. यात्रेहून आलेल्या माणसाचे पाय धुऊन घरात घ्यायचं, ही त्यांच्याकडची रीत. पण सासूने सुनेचे? समोरच्या वहिनी दारातून बघत होत्या. मी पाय मागे घेतला.

"आई, तुम्ही माझे पाय नका धुऊ हो."

"तुजे कोन धुतंय?" आई म्हणाल्या. "माजे धुतंय मी. आन इकरं."

मी दोन्ही पाय परातीत ठेवले.