तोंड दिसलं पाहिजे

गरिबाच्या घरात भर दुपारी अंधार कोण करतं, हा प्रश्न सिनेमा बघताना तुम्हाला कधी पडलाय का? हॅलोजनमामांना तो कायम पडायचा. कुणाच्याही घरात शिरले की मामा आधी भिंतीवरचं बटण शोधायचे. दिवा लावायचे, समोरच्याचं तोंड नीट बघायचे आणि मग म्हणायचे, "हां, आता बोला."

मामा साताऱ्याकडचे. वडील वाशीच्या एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहायचे. मामांनी गोणीऐवजी लग्नाच्या व्हिडिओचा हॅलोजन खांद्यावर घेतला आणि कोपरखैरण्यापासून बेलापूरपर्यंतचे नवरदेव त्याच्या उष्णतेत घामाघूम केले. पुढे एलईडी आले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आम्ही काही पोरंपोरी स्वतंत्र सिनेमा काढायला निघालो तेव्हा मामांना गाठलं, कारण त्यांच्याकडे दिवे होते आणि आमच्याकडे नुसते विचार.

कलावंत म्हणून मामा अवघडच. त्यांना प्रत्येक माणूस बोहल्यावर चढल्यासारखा दिसायचा. आमच्या लघुपटातला उपोषणात कोसळलेला कामगार त्यांच्या उजेडात इतका तजेलदार दिसला, की आता उठून हळद लावून घेईल असं वाटावं. आम्ही ओरडलो. मामा ढिम्म. म्हणाले, "आजारी आहे हे त्याला खोकून दाखवू दे ना. तोंड दिसलं पाहिजे, बाकी आपल्याला टेन्शन नाय."

हा हट्ट लग्नांतूनच आलेला. एकदा नवरीचे सख्खे मामा व्हिडिओत फक्त पाठमोरे आले. त्यावरून दोन घरांचं येणंजाणं तुटलं आणि हॅलोजनमामांना चारचौघांत बोलावून झापलं गेलं. तेव्हापासून पंगतीत वाढणाऱ्याचंही तोंड यायलाच हवं, हा त्यांचा नियम झाला. माणूस लग्नातलं जेवण विसरतो, आपण दिसलो नाही हे विसरत नाही, असं ते म्हणायचे. मी कामगार संघटनेच्या पत्रकांवर वाढलेली. हीच गोष्ट आमच्या पत्रकांत चार पानं घ्यायची.

मग बेलापूरजवळच्या दिवाळे गावातला सिनेमा आला. आमचा दिग्दर्शक पाम बीच रोडवरच्या टॉवरात राहणारा आणि मनाने अत्यंत शोषित. त्याच्या घरात छताच्या पोटात सुद्धा दिवे लपवलेले होते. खाडीकाठच्या कोळणीचं आयुष्य तो पडद्यावर आणणार होता, आणि तिची भूमिका करायला खरीच कोळीण शोधली होती, हिराबाय. तिच्या घरात पाऊल टाकलं आणि दिग्दर्शकाचा चेहरा पडला. भिंती निळ्या, चकचकीत. डोक्यावर लांबलचक ट्यूब. दारातून ऊन थेट चुलीपर्यंत. त्याने ट्यूब बंद करवली, खिडक्यांवर काळं कापड ठोकलं आणि दार बोटभर उघडं ठेवलं. दारिद्र्याला स्वतःचा अंधार असतो, हे त्याने आम्हाला समजावून सांगितलं.

हिराबाय विळीवर बोंबील साफ करायला बसली होती. म्हणाली, "काल्या परद्यान मावरं कोन साफ करतं रं? बोट कापंल माजा."

दिग्दर्शक या वाक्यावर खूश झाला, पण पडदे तसेच राहिले. तेव्हा तिने मामांना जवळ बोलावून हळूच विचारलं, "माजा तोंड दिसंल ना? पोराचे लग्नाचे कॅशेटीन मी कंय नाय. दिसभर चुलीशीच व्हती."

मामांनी धंद्यातल्या चढाओढीने विचारलं, कोणी काढली होती ती कॅसेट.

"तूच," हिराबाय म्हणाली. "तुजाच तो हॅलोजन."

मामा बाहेर गेले, मासळीच्या पेटीचं थर्माकोलचं झाकण उचललं, गल्लीतल्या उन्हात उभे राहिले आणि दार पायाने लोटून सगळं ऊन त्या झाकणावरून हिराबायच्या तोंडावर टाकलं. दिग्दर्शक किंचाळला की हे खरं वाटत नाही. मामांनी झाकण हलू दिलं नाही.

"साहेब, घर तिचं, ट्यूब तिची, तोंड तिचं. पडदा तेवढा तुमचा."

सगळे हसले, त्यामुळे तो शॉट तसाच घ्यावा लागला.

वाशीच्या एका छोट्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. हिराबाय गल्लीतल्या बायकांना घेऊन आली, अंगावर सगळे दागिने, पहिल्या रांगेत. तिचा प्रसंग आला. विळी दिसली, हात दिसले, आणि तोंडाच्या जागी काळोख. दिग्दर्शकाने मामांचा उजेड नंतर कॉम्प्युटरवर विझवला होता. हिराबायच्या नातवाने विचारलं, "आये, यान तू कंची?" मागे कुणीतरी पुटपुटलं, "वा, काय टेक्स्चर आहे."

मामा उठले, दाराजवळच्या भिंतीशी गेले आणि होती नव्हती ती सगळी बटणं दाबली. हॉल लख्ख झाला, पडदा पांढराफटक पडला.

"ही हिराबाय," मामा पहिल्या रांगेकडे बोट करून म्हणाले. "हिला बघून घ्या. मग काय तो अंधार बघा."

हिराबाय दचकली. मग लग्नात दिवा अंगावर आला की बायका करतात तसा तिने पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. लोकांना बघावंच लागलं.

सिनेमाचं पुढे कौतुक झालं, विशेषतः त्यातल्या प्रामाणिक अंधाराचं. मामांना मात्र आमच्या वर्तुळाने 'अनप्रोफेशनल' ठरवलं. बेघरांवर सिनेमे काढणाऱ्यांनी एका माणसाला इतक्या सफाईने बाहेर काढलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मामा लग्नांकडे परत गेले. त्यांना काही वाईट वाटलं नाही. तिथे निदान कोणी दिवे विझवत नाही, म्हणाले.

गेल्या वर्षी मामा गेले. कोपरखैरण्याच्या त्यांच्या खोलीत रिवाजाप्रमाणे सगळे दबक्या आवाजात, मंद उजेडात बसले होते. हिराबाय आली, दारातच थांबली. भिंत चाचपून तिने ट्यूब लावली, मामांचं तोंड नीट बघितलं आणि मग रडायला बसली.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. यापुढे एखाद्या हॉलात, एखाद्या पडद्यावर, भर दुपारी गरिबाचं घर काळोखात बुडालेलं दिसलं आणि त्यातल्या बाईचं तोंड दिसेना, तर टाळ्या वाजवू नका. उठा. बटणं दाराजवळच असतात.