कर्णिक मॅडमचा मीटर

नौपाड्यातल्या डॉक्टरांनी थर्मामीटर बघून "एकशे एक" असं सांगितलं, तेव्हा अंगात ताप असूनही कर्णिक मॅडमनी विचारलं, "कशावरून?" डॉक्टर गोंधळले. "हा थर्मामीटर तुम्ही शेवटचा कधी तपासून घेतला होता?" रिक्षातून मीच त्यांना घेऊन गेले होते, मला हसू आवरेना. शेवटी डॉक्टरांनी दुसरा थर्मामीटर आणला. त्यात ताप शंभरच निघाला. औषध न घेताच मॅडम निम्म्या बऱ्या झाल्या.

कोलशेतच्या एका कारखान्यात मीटर तपासायची खोली होती. तिथे त्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली शिकले. तिथला प्रत्येक मीटर प्रमाण मीटरशी ताडून बघायचा, मग त्यावर 'तपासले' असं स्टिकर लावून सही करायची. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, "हे बघ वर्षा, मीटर जोडल्याशिवाय सही करायची नाही. घाई असेल तर 'तपासलं नाही' असं लिहून मोकळी हो. मला राग येणार नाही."

निवृत्त झाल्यावर त्यांनी हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेने बिनतारी संच चालवण्याचा, जुना छंद पूर्णवेळ धरला. बाल्कनीतून समोरच्या नारळापर्यंत अँटेनाची तार गेली. स्वयंपाकघरातल्या डब्यांमध्ये एकेक करून त्यांनी बांधलेले रेडिओसंच बसू लागले. त्यावरून कोची, कोलंबो कुठेही बोलणं व्हायचं, पण मॅडमना गप्पांचं फारसं कौतुक नव्हतं. बॅटरीतून संच किती वीज खातो आणि त्यातली किती लहरी होऊन बाहेर जाते, एवढ्याच हिशेबात त्यांचा जीव. "शंभरातले ऐंशी तरी बाहेर पडले पाहिजेत गं. उरलेल्याची नुसती उष्णता होते. नाहीतर एवढा खटाटोप करून मी शेगडीच बनवली म्हणायची."

यासाठी संच बॅटरीतून किती प्रवाह घेतो ते मोजणारा एक मीटर त्यांनी स्वतः बनवला होता. दरवर्षी तो माझ्याकडे यायचा आणि मी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या प्रमाण मीटरशी ताडून परत द्यायचे. त्या वर्षी नेमकी ऑडिटची गडबड होती. मीटर चार दिवस माझ्या खणात पडून राहिला. पाचव्या दिवशी मॅडमचा फोन आला, "झाला का गं?" मी "झाला" म्हटलं, स्टिकर लावलं, सही केली आणि संध्याकाळी नेऊन दिला. मी तो जोडलाच नव्हता.

त्या वेळी त्यांचा सगळ्यात चांगला संच तयार होत आला होता. मोजला, तर एकोणसत्तर टक्के. त्यांनी कॉइल उकलून पुन्हा गुंडाळली. ट्रान्झिस्टर बदलला. अँटेनाऐवजी जो रेझिस्टर जोडून त्या शक्ती मोजत, तोही नवा आणला. मी अधूनमधून जायचे, तेव्हा टेबलावर तांब्याच्या तारेचे तुकडे पडलेले असायचे. एकदा मीच चाचरत म्हटलं, "मॅडम, मीटर पुन्हा एकदा बघू का?"

"मीटरचं काय बघायचंय? तो तू तपासलायस," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तारेत डोकं घातलं.

तेव्हा बोलायला हवं होतं.  मीटर बरोबरच असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि चहा पिऊन घरी आले.

असे आठ महिने गेले. याच काळात त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं वाढलं आणि बोटंही थरथरू लागली. एके दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. संच सुटा करून त्याचे भाग त्यांच्या हॅम क्लबातल्या लोकांना वाटून झाले होते. "हात गेले गं माझे," त्या म्हणाल्या, "वेळेवर ओळखलेलं बरं. हा मीटर तू ठेव."

दुसऱ्या दिवशी मी तो जोडला. अर्धा अँपिअर असताना मीटर शून्य पूर्णांक सहा दाखवत होता, म्हणजे संचाचं खाणं उगाच वाढवून सांगत होता. आतला एक सांधा सैल झाला होता. मी कागदावर त्यांचे आकडे दुरुस्त केले. एकोणसत्तरचे झाले त्र्याऐंशी.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सही खोटी होती हेसुद्धा. वाटलं, आता हाकलून देतील.

"त्र्याऐंशी?" त्यांनी विचारलं. "नक्की?" आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की माझ्याने बघवेना. "म्हणजे संच चांगला होता! मी वेडी उगाच..."  मग म्हणाल्या, "त्या दिवशी फोनवर मी विचारलं होतं, तेव्हा का नाही बोललीस?"  

पुढच्या रविवारपासून आम्ही नवे भाग आणून तसाच संच पुन्हा बांधायला घेतला. त्या सांगायच्या, मी गुंडाळायचे. माझा एखादा वेढा दुसऱ्यावर चढला, की त्या बोट फिरवूनच ओळखायच्या आणि सगळी तार उकलायला लावायच्या. अखेर मोजायचा दिवस आला. मीटर त्या सकाळी मी दोनदा ताडून आणला होता. काट्यापर्यंत त्यांची नजर पोचत नव्हती.

"वाच," त्या म्हणाल्या.

हिशेब केला, तर शहात्तर येत होते. त्र्याऐंशी म्हणावं असं फार वाटलं. त्या आकड्यावर त्यांचाच हक्क होता, आणि त्यांना खरं-खोटं कधी कळलंही नसतं. पण मी आला तोच आकडा सांगितला. "शहात्तर, मॅडम."

 त्या म्हणाल्या, "तुझ्या हाताला शहात्तर म्हणजे वाईट नाही. लिहून ठेव. आणि खाली नाव तुझं घाल, माझं नको."

त्या डिसेंबरात मॅडम गेल्या. तो संच आता खोपटला माझ्या घरी आहे. क्लबातले कुणी आले की कौतुकाने विचारतात, कुणी बांधला? मी माझं नाव सांगते. ते खरंच आहे. मॅडमनी स्वतःच्या हातांनी बांधला होता तो संच मात्र आता कुठेच नाही, आणि त्याचा खरा आकडा त्यांनी मीटरवर एकदाही पाहिला नाही.