कुजबुजणारा भगत

साठीला पोचले तेव्हा मला सगळं कळत होतं. साठी ओलांडल्यापासून कमी कमी कळतंय, आणि बरं चाललंय.

त्या वर्षी माझी नात चार वर्षांची होती. बोलत नसे. सारवलेल्या ओट्यावर नागलीचे दाणे एकामागे एक मांडत बसे. कोंबडीने त्यातला एक टिपला की घर डोक्यावर घेई. जीपचा हॉर्न वाजला की कानांवर हात ठेवून अशी किंचाळे, की आमच्या साखरशेत गावात जीप आल्याचं लोकांना हॉर्नपेक्षा तिच्यामुळेच कळे.

सून तिला जव्हारच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा ऑटिझम आहे. ताप नव्हे, औषधाने उतरायला. पोरगी आहे तशी समजून घ्या, आवाज कमी ठेवा, काय करणार ते तिला आधी दाखवा, अचानक धरू नका, हळूहळू शिकवा. मी म्हटलं, बरं करत नाही ती डॉक्टर कसली? एवढं तर मीही सांगितलं असतं. सांगितलं नसतं, पण म्हटलं खरं.

मग मी स्वतःच इलाजाला लागले. मोखाड्याच्या बाजारातून कसलंसं तेल आणलं. पोरीने ते चोळू दिलं नाही, माझ्या गुडघ्यांना लागलं. भिवंडीला कामाला असलेल्या मुलाने फोनवर व्हिडिओ पाठवला : गहू आणि दूध बंद करा, मूल बरं होतं. मी त्याच दिवशी बंद केलं. सून म्हणाली, आपण भात आणि नागली खातो, चहासुद्धा कोराच पितो, मग बंद नक्की काय केलंत? मी म्हटलं, निश्चय केला.

ती हसली नाही. म्हणाली, "आत्या, आता आणखी एक इलाज केलात तर हिला घेऊन मी दाभोशाला माहेरी जाईन. परत यायची नाही."

ती उगाच बोलणारी बाई नाही. नातीशिवायचं घर डोळ्यांपुढे आलं. म्हणून मी फार विचार करून ठरवलं, इलाज करायचा, पण सून रेशनला गेल्यावर.

आमचा भगत मोठ्या आवाजाचा. सुपात तांदूळ टाकून बघायचा, मग थाळी बडवत, घुमत देवांना हाका मारायचा. पलीकडच्या पाड्यावर ऐकू जायचं. तो अंगणात आला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला : हा ओरडला तर पोरगी किंचाळणार, आणि ती किंचाळली तर इलाज व्हायचा कसा?

म्हटलं, दादा, थाळी नको. त्याने थाळी गोणपाटात गुंडाळली. म्हटलं, धूप लांब ठेवा, वासाने ती ओकते. घुमा, पण बसल्या बसल्या. त्या कोपऱ्यात नको, ती तिची जागा आहे. मोरपिसं आधी तिला दाखवा, मग हाताला लावा, मग डोक्याला. तिच्या डोळ्यांत बघू नका. आणि हाका जरा हळू.

त्याने कुजबुजून पाहिलं आणि थांबला. "बाय, एवढ्या हळू बोललो तर देवाला वाटेल, मी उसनं मागायला आलोय."

"पोरीसाठी आहे म्हणावं. समजून घेईल."

बिचारा कुजबुजू लागला. त्याने सुपात तांदूळ टाकले की नात सरकत यायची आणि त्यांची सरळ रांग लावायची. भगताला तर विस्कटलेलेच दाणे वाचता येतात. त्याने पुन्हा टाकले, तिने पुन्हा लावले. शेवटी, ज्याच्यापुढे सरपंचही हात जोडून उभा राहतो तो माणूस तिला एकेक दाणा पुरवायला लागला. ती त्याच्या तळहातावरून उचलत होती. परक्याच्या हातून तिने काही घेतलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

आणि सून दारात उभी. रेशनचं दुकान बंद निघालं होतं.

मी काय सबब सांगावी याचा विचार करत होते, तर ती भगताकडे बघत म्हणाली, "ह्यांचा आवाज कोणी बंद केला?"

मी सगळं सांगितलं. थाळी, धूप, कोपरा, पिसं.

"हे मी वर्षभर सांगतेय. मला वाटलं, तुमच्या कानावर पडतच नाही."

"पडत नव्हतंच. भगताला समजावताना पडलं."

सून उंबऱ्यावर बसली. दाभोशाचं नाव तिने काढलं नाही, आणि मी काही आठवण करून दिली नाही. भगताने हलक्या आवाजात विचारलं, इलाज पुरा झाला म्हणायचा का? ती म्हणाली, तो व्हायचा नाही आणि करायचाही नाही. पण तुम्ही दर आठवड्याला येत जा.

"मग येऊन करू काय?"

"आता करताय तेच."

भगताने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. तोवर नातीचा हात पुढे आला होता, म्हणून त्याने आणखी एक दाणा ठेवला.