चाचांचा खोकला

आमच्या वेल्डिंगवाल्या चाचांइतका अदबशीर माणूस अख्ख्या वाशिमात झाला नाही, आणि त्या अदबीनंच त्यांचा घात केला. सत्तरच्या दशकातली गोष्ट. स्टेशनच्या रस्त्यावर माझं सायकलचं दुकान, आणि भिंतीला भिंत लागून एका शेठचा लोखंडी सामानाचा कारखाना. तिथं चाचा जस्ताच्या पत्र्याच्या पाण्याच्या टाक्या जोडत. खिडकी एकच, तीही शेठनं ठोकून बंद केलेली. पण दारात कोणी वडीलधारा आला, की चाचा ठिणग्या थांबवून, तोंडापुढची काच बाजूला करून आधी सलाम करत. अहो, शेळी आत शिरली तरी तिला "चलिए बीबी, बाहर चलिए" म्हणून काढत!

जस्ताचा पांढरा धूर दिवसभर नाकातोंडात जाई आणि संध्याकाळी चाचांना हुडहुडी भरे. त्यावर त्यांचं औषध एकच, गूळ. "गूळ धुराले खाली घेऊन जाते बेटा. कच्च्या माणसाले लागते धूर, आपल्याले नाही," म्हणत ते खिशातला खडा आधी मला देत, मुंग्यांसकट. पुढं पुढं ते असे खोकू लागले, की माझ्या दुकानात टांगलेल्या रिंगांवरच्या चिमण्या उडून जात. डॉक्टरांनी छातीत धूर बसल्याचं सांगितलं, तर शेठनं त्यांना कामावरून काढूनच टाकलं. माझं टाळकंच सरकलं. हाताला धरून मी त्यांना वकिलाकडं नेलं.

वकील म्हणाले, "कामापायी आजार झाला असंन तर मालकाले भरपाई द्यावीच लागते, कायदाच हाये तसा. पण शेठ म्हणते हे सोंग हाये. डॉक्टरचा कागद देतो मी. तुमी फक्त कोर्टात साहेबापुढं रोजच्यासारखं खोका, चाचा."

तारखेला चाचा धुतलेली शेरवानी घालून, अत्तर लावून आले आणि गालात गुळाचा खडा धरून उभे राहिले. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी, पण खोकला एक नाही! शेठच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, "काय चाचा, तब्येत कशी हाये?"

चाचांनी सलामासाठी कपाळाला हात लावला. "आपकी दुआ से बिलकुल खैरियत है, साहब."

झालं! साहेबांनी तेच लिहून घेतलं, डॉक्टरचा कागद बाजूला राहिला आणि दावा तिथंच बुडाला. बाहेर पायरीवर बसून ते इतके खोकले, की पक्षकार पाणी घेऊन धावले. मी ओरडलो, "आत काहून नाही खोकले तुमी?"

"इतक्या मोठ्या साहेबापुढं खोकू? अरे बाप्पा, बरं दिसते काय ते!"

हसावं की कपाळ बडवून घ्यावं? त्यांच्या आजारपणाचा आधार त्या एका शब्दानं गेला, याची हळहळ अजून जात नाही. त्याच हिवाळ्यात मी शेवटचा त्यांना भेटायला गेलो. भिंतीला टेकून बसले होते. मला पाहताच त्यांनी तोंडावर हात दाबला.

"खोका चाचा. माझ्यापुढं कायची अदब?"

तरी ते भिंतीकडं तोंड करूनच खोकले, कितीतरी वेळ. मग वळून म्हणाले, "माफ कर बेटा." तब्येत कशी आहे, हे काही मी विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं.