घडीच्या पोळीतला पाव भाग

शेजारी पोळ्या भाजल्याचा वास आला की अलीकडे माझं पुस्तकात लक्ष राहत नाही. मी उठून या हिंदी भाषिक शहरातल्या, सिटी सेंटर भागातल्या फ्लॅटमध्ये येरझाऱ्या घालतो. एक जुनी संध्याकाळ आठवते. मुलगी तेव्हा पाचवीत होती. अपूर्णांकांच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वही सारून ती म्हणाली, "बाबा, मेरे से नहीं होगा." मी आणखी दहा उदाहरणं घातली. तेव्हा बायकोने तिला ओट्यापाशी नेलं, छोटी पोळी लाटायला लावली, तेलाचं बोट फिरवून घडी घालायला सांगितली. "आता किती?" "अर्धी." "पुन्हा घाल." "अर्ध्याची अर्धी, म्हणजे पाव. आई, बस इतना ही?" ती हसत होती. मी दारातूनच म्हणालो, "पेपरात पोळ्या लाटायला देणार नाहीत." तिने लाटणं ठेवलं, हात धुतले आणि वहीपाशी येऊन बसली. दुसऱ्या दिवशी अपूर्णांकांची सगळी उत्तरं कोरी सोडून आली. बायको एवढंच म्हणाली, "तिला येत होतं, तुम्ही बोलेपर्यंत." दहावीनंतर मुलीने गणित सोडलं. बायकोला जाऊन चार महिने झाले. त्या संध्याकाळबद्दल मुलीशी बोलावं असं रोज वाटतं, पण ती "जाने दो ना, बाबा" म्हणून उठून जाईल, आणि तिला थांबवून माझं ऐकायला लावणारी आता घरात नाही.